संदर्भाचा पत्ता आणि संगणक

आपल्या त्रैमासिकात संगणकीय प्रणालींची चर्चा यावी, हे काही ज्येष्ठ वैद्यमित्रांना फारसे रुचणार नाही याची मला जाणीव आहे. निदान, चिकित्सा, द्रव्यगुण हे विषय सोडून इथे हे काय आणले, असे त्यांच्या मनात येईल. परंतु प्रस्तुत विषयाची सुरुवात माझ्यापुरती संगणकापाशी झाली नाही. ती झाली अभयारिष्टाच्या एका बाटलीपाशी, आणि तीत चूक माझी होती.

अकोल्यातील माझे एक स्नेही लहानशी फार्मसी चालवतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांतील नियम १६१ नुसार आपल्या औषधाच्या लेबलवर घटकद्रव्यांच्या यादीबरोबर प्रमाणग्रंथाचा व त्यातील अधिकरणाचा निर्देश करावा लागतो, हे औषधनिर्मात्या वाचकांना सांगावयास नको. स्नेह्यांनी एका संध्याकाळी दूरध्वनीवर मला अभयारिष्टाचा ग्रंथोक्त पत्ता विचारला. मी पुस्तक न उघडता, मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले : चरक, चिकित्सास्थान, अध्याय १४. त्यांनी तो तसाच छापला. दोन हजार लेबले तयार झाली. मग त्यांच्याकडील जुन्या कारागिराने, ज्याने आयुष्यभर आसवारिष्टांची भांडी सांभाळली आहेत, एवढेच म्हटले, "भाऊ, चरकात मोहफूल तं दिसत नाही."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. चरकोक्त अभयारिष्टात हरीतकीबरोबर आवळा, कवठ, इंद्रवारुणी, लोध्र इत्यादी द्रव्ये आहेत. मनुका आणि मोहाची फुले ज्यात पडतात तो पाठ भैषज्यरत्नावलीच्या अर्शोरोगाधिकारातील, आणि १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्वेदिक योगसंग्रहाच्या पहिल्या भागाने स्वीकारलेला पाठही तोच. बाजारात आज जे अभयारिष्ट बहुतांशी विकले जाते ते याच पाठाचे. नाव एक, रोगाधिकार एक, पाठ मात्र दोन. लेबलवर एका ग्रंथाचा पत्ता आणि बाटलीत दुसऱ्या ग्रंथाचे औषध, अशी अवस्था मी करून ठेवली होती. लेबले रद्दीत गेली. स्नेह्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, हा त्यांचा मोठेपणा.

याच प्रकरणात पुढे एका तरुण वैद्याने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. त्याच्या घरी आजोबांच्या वेळची, बंगाली परंपरेच्या पाठाची चरकसंहिता आहे. तीत अर्शचिकित्सा चौदाव्या अध्यायात नसून राजयक्ष्म्यानंतर लगेच, म्हणजे नवव्या स्थानी येते. निर्णयसागरच्या आवृत्तीत नववा अध्याय उन्मादाचा. म्हणजे "च. चि. ९" एवढेच लिहिले तर वाचणाऱ्याने अर्श समजावे की उन्माद, हे तो कोणती प्रत हाती धरून बसला आहे यावर अवलंबून राहणार! चिकित्सास्थानातील सतरा अध्याय आणि कल्प व सिद्धी ही दोन्ही स्थाने दृढबलाने पूर्ण केली हे आपण सर्वजण शिकतो. ते सतरा अध्याय नेमके कोणते, या जुन्या वादातून हा क्रमभेद उद्भवला, हे मात्र संदर्भ लिहिताना आपण विसरतो.

तेव्हापासून मी संदर्भ या विषयाकडे गंभीरपणे पाहू लागलो. आणि गेल्या काही वर्षांत अमरावती व अकोला येथील पदव्युत्तर विद्यार्थी शोधप्रबंधाचे मसुदे घेऊन माझ्याकडे येऊ लागले, तेव्हा त्यांच्या ओठी एकच प्रश्न असे : "सर, संदर्भांसाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?" या प्रश्नाला माझे उत्तर आहे. पण ते देण्यापूर्वी, ज्यांनी ही साधने पाहिलेली नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

संदर्भ-व्यवस्थापन प्रणाली म्हणजे ग्रंथांची व लेखांची संगणकातील नोंदवही. प्रत्येक ग्रंथाची एकदाच नोंद करावयाची : कर्ता, संपादक, प्रकाशक, गाव, वर्ष. लेख लिहिताना हव्या त्या जागी त्या नोंदीकडे बोट दाखवावयाचे. मजकुरातील क्रमांक आणि शेवटची ग्रंथसूची प्रणाली स्वतः तयार करते. वैद्यकीय नियतकालिकांत जी व्हँकुव्हर पद्धत रूढ आहे, १९७८ साली कॅनडातील त्या शहरी जमलेल्या संपादकांमुळे जिला हे नाव पडले, तीत संदर्भांना मजकुरातील क्रमानुसार अंक द्यावे लागतात. सातव्या आणि आठव्या संदर्भांच्या मध्ये एक नवा घुसडला की पुढचे शंभर अंक बदलावे लागतात. हाताने हे काम केलेल्याला ही प्रणाली म्हणजे काय हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

आता निवडीविषयी. नावे पुष्कळ आहेत, पण आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात ती तीन : एन्डनोट, मेंडेली आणि झोटेरो. एन्डनोट सर्वांत जुनी आणि विकतची. तिची किंमत शेकडो डॉलरमध्ये आहे. मोठ्या संस्थांना ती परवडते. मूर्तिजापूर किंवा अंजनगावात दवाखाना चालवून रात्री एखादा रुग्णानुभव लिहिणाऱ्या वैद्याला ती परवडत नाही, आणि परवडू नये असेही मला वाटते. मेंडेली विनामूल्य मिळते व दिसायला सुबक आहे. ती २०१३ मध्ये एल्सेव्हिअर या प्रकाशन संस्थेने विकत घेतली. २०१८ मध्ये सुरक्षेचे कारण देऊन तिच्या संगणकातील नोंदवहीला कुलूप घालण्यात आले, म्हणजे वापरणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकातील त्याचा स्वतःचा संग्रह इतर प्रणालींना सरळ वाचता येईनासा झाला. २०२१ मध्ये तिची भ्रमणध्वनीवरील आवृत्ती बंद झाली, आणि ज्या मूळ आवृत्तीवर एका पिढीने आपले प्रबंध लिहिले ती २०२२ पासून नव्याने उतरवून घेता येत नाही. तिच्या जागी दुसरी आली. यात कोणी बेकायदेशीर काही केले असे मी म्हणत नाही. फुकट मिळालेल्या वस्तूचा मालक दुसरा असला म्हणजे काय घडू शकते, एवढेच यातून दिसते.

झोटेरो २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या इतिहासविषयक केंद्रात निर्माण झाली. ती विनामूल्य तर आहेच, शिवाय तिची मूळ संहिता सर्वांना खुली आहे आणि आज ती एका ना-नफा संस्थेकडे आहे. २००८ मध्ये एन्डनोटच्या तत्कालीन मालकांनी, थॉमसन रॉयटर्स यांनी, या विद्यापीठावर दावा लावला होता. झोटेरोला एन्डनोटच्या शैलीपत्रिका वाचता येऊ लागल्या, ही त्यांची तक्रार. २००९ मध्ये तो दावा निकालात निघाला आणि झोटेरो चालू राहिली. हा इतिहास मी मुद्दाम सांगतो आहे, कारण भांडण कशावरून झाले ते पाहण्यासारखे आहे. एका प्रणालीच्या शैलीपत्रिका दुसऱ्या प्रणालीत वापरता याव्यात की नाही, एवढ्यावरून.

माझे उत्तर झोटेरो असे आहे. ती सर्वांत चतुर आहे म्हणून नव्हे. उद्या ती नापसंत झाली, किंवा बंद पडली, तरी आपला सारा संग्रह उचलून दुसरीकडे नेता येतो म्हणून. वैद्याच्या पिढ्यान्पिढ्यांच्या वह्या ज्या घरांत जपल्या जातात त्या घरांना हा मुद्दा वेगळा पटवून द्यावा लागू नये. ग्रंथांच्या नोंदी कितीही ठेवता येतात. सोबत जोडलेल्या लेखांच्या प्रती आंतरजालावर ठेवण्यास मात्र विनामूल्य जागा केवळ ३०० एमबी मिळते, ती लवकर भरते. प्रती आपल्याच संगणकावर ठेवल्या आणि महिन्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतल्या तर पैसे देण्याची गरज पडत नाही.

आणखी एक कारण, आणि आपल्या व्यवसायाच्या दृष्टीने ते मोठे आहे. २०१९ पासून या प्रणालीत मागे घेतलेल्या शोधनिबंधांची सूचना मिळते. आपल्या संग्रहातील एखादा लेख नियतकालिकाने दोषामुळे परत घेतला असेल तर त्या नोंदीवर लाल खूण उमटते. रुग्णाला औषध देताना आपण ज्या लेखाचा हवाला देतो तो लेख त्याच्या कर्त्यांनीच सोडून दिलेला नाही, एवढी खात्री तर असावी.

इथपर्यंत सर्व सरळ आहे. अडचण पुढे आहे, आणि तिथे सॉफ्टवेअरची निवड करून काम संपत नाही.

या सर्व प्रणाली आधुनिक शोधनिबंध डोळ्यांसमोर ठेवून घडवलेल्या आहेत. शोधनिबंधाला क्रमांक असतो. तो टंकला की उरलेली माहिती आपोआप येते. चरकसंहितेला असा क्रमांक नाही. विद्यार्थी काय करतात? प्रत्येक श्लोकासाठी त्याच ग्रंथाची नवी नोंद. मी असा एक प्रबंध पाहिला आहे की ज्याच्या ग्रंथसूचीत चरकसंहिता चाळीसहून अधिक वेळा आली होती, प्रत्येक वेळी थोड्याशा निराळ्या अक्षरांत. कुठे चौखम्बा, कुठे चौखंभा. कुठे ओरिएंटालिया, कुठे सुरभारती, कुठे संस्कृत संस्थान. वाराणसी-दिल्लीतील या स्वतंत्र प्रकाशन संस्था आहेत, त्यांच्या आवृत्त्याही स्वतंत्र आहेत. पण लिहिणाऱ्याने नेमकी कोणती उघडली होती हे त्या सूचीवरून ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते.

माझी पद्धत अशी. ग्रंथाच्या ज्या आवृत्तीतून वाचले त्या आवृत्तीची नोंद एकदाच. स्थान, अध्याय, श्लोक हा पत्ता मजकुरातच, आपल्या परंपरेप्रमाणे, आणि त्याच्यापुढे आवृत्तीचा क्रमांक. झोटेरोत श्लोकाचा क्रमांक देण्याची सोय आहे, परंतु अंकांच्या बहुतेक शैलींत तो छापला जात नाही, म्हणून त्यावर विसंबू नये. चिकित्सास्थानाच्या पहिल्या दोन अध्यायांत प्रत्येकी चार पाद आहेत हेही विसरू नये. वर्धमान पिप्पलीचा प्रयोग करप्रचितीय या तिसऱ्या पादात आहे, म्हणून तो चि. १-३/३६ असा लिहावा लागतो. मधला तीन गाळला की वाचक पहिल्या पादात शोधत बसतो आणि शेवटी आपल्यालाच खोटे ठरवतो.

वर्षाचा घोटाळा तर सार्वत्रिक आहे. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी संपादिलेली चक्रपाणीच्या टीकेसह चरकसंहिता मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयातून १९४१ साली निघाली. आज आपल्या हाती असते ते तिचे पुनर्मुद्रण, ज्याच्यावर २००९ किंवा २०१६ असे काही वर्ष असते. प्रबंधात "आचार्य, २०१६" असे वाचून परगावचा वाचक समजतो की हे कोणी आजचे संपादक आहेत! झोटेरोत अतिरिक्त माहितीच्या चौकटीत मूळ वर्ष नोंदवता येते. ते नोंदवावेच. कर्त्याच्या नावाचेही तसेच. प्रणालीला आडनाव आणि नाव अशा दोन चौकटी हव्या असतात. अग्निवेशाचे आडनाव काय लिहिणार? त्यासाठी दोन चौकटींची एक करण्याची कळ तिथेच आहे, पण ती कोणी दाखवत नाही. टीकाकाराला स्वतंत्र जागा नाही, त्याला ग्रंथनामातच बसवावे लागते. ही उणीव खरीच आहे, आणि आपल्यापैकी संगणक जाणणाऱ्या कोणी ती त्या मंडळींना कळवली तर ऐकणारी ती मंडळी आहेत.

वऱ्हाडातील लिहिणाऱ्यांची एक वेगळी रड आहे ती टंकाची. आमच्या पिढीने लेख टंकून घेतले ते श्रीलिपी नाही तर कृतिदेव यांवर. त्या अक्षरांच्या मागे संगणकाच्या दृष्टीने मराठी नव्हतीच. रोमन अक्षरांना देवनागरीचा मुखवटा होता. असा मजकूर झोटेरोत टाकला की निरर्थक चिन्हे उमटतात. माझ्या स्वतःच्या वीस वर्षांच्या टिपणांपैकी निम्मी अशी अडकून पडली, आणि ती परिवर्तित करण्यात एक अख्खा उन्हाळा गेला. नव्याने लिहिणाऱ्यांनी युनिकोडशिवाय दुसऱ्या कशालाही हात लावू नये. मात्र वर्षाच्या चौकटीत अंक रोमनच टंकावेत. देवनागरी अंक प्रणालीला वर्ष म्हणून ओळखता येत नाहीत.

आता काही वैद्य विचारतील, एवढा खटाटोप कशासाठी? आपले रुग्ण संदर्भ पाहून येत नाहीत. हे म्हणणे मला मान्य नाही, आणि त्याचे कारण जुने आहे. डिसेंबर २००४ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय औषधांपैकी १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले, असे त्यात म्हटले होते. त्याच्यावर आपल्या बाजूने बरीच उत्तरे लिहिली गेली. मी वाचलेल्यांपैकी बहुतेकांत शोधन-मारणाचा उल्लेख होता, "शास्त्रात सांगितले आहे" असे होते. कोणत्या ग्रंथात, कोणत्या अध्यायात, कोणत्या आवृत्तीत, हे फार थोड्यांत होते. आक्षेप घेणाऱ्याचा प्रत्येक आकडा तपासता येत होता, आणि उत्तर देणाऱ्याचे एकही वाक्य तपासता येत नव्हते. त्या निबंधातील त्रुटी दाखवण्याचा आपला अधिकार आपण अशा रीतीने गमावला, हे माझे स्पष्ट मत आहे.

आपल्या भागातील उदाहरण घेऊ. अंजनगाव सुर्जी आणि अकोट तालुक्यांत पानमळ्यांच्या जोडीने पानपिंपरी पिकते. ही आपली पिप्पलीच. तिच्यावर लिहिणारा प्रत्येकजण एक वाक्य लिहितो : पिप्पलीमुळे हळदीचे शोषण वीसपट वाढते. संदर्भ म्हणून प्लान्टा मेडिका या नियतकालिकातील १९९८ चा बंगळूरच्या संशोधकांचा निबंध दिला जातो. तो उघडून वाचला तर दिसते की माणसांवरील त्या प्रयोगात दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिले होते. पायपरीन म्हणजे पिप्पली नव्हे, आणि कर्क्युमिन म्हणजे हळद नव्हे. हा निबंध एकाने वाचला असेल, पुढच्या पन्नासांनी त्याची सूचीतील ओळ उतरवली. आणि हेच लेखक त्याच दमात चरकाने विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात पिप्पलीचा अतियोग टाळावयास सांगितले आहे, ते लिहावयास विसरतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या नागार्जुन वनौषधी उद्यानात ज्या वनस्पती डोळ्यांनी पाहता येतात, त्यांच्याविषयी आपण परदेशी निबंधाची न वाचलेली ओळ उतरवावी, हे शोभत नाही.

संदर्भ-प्रणाली या दोषावर उपाय नाही, उलट ती त्याला हातभार लावू शकते. एका कळीने शंभर नोंदी ओढून घेता येतात, म्हणून शंभर निबंध वाचले असा भास होतो. मी विद्यार्थ्यांना एकच अट घालतो. ज्या नोंदीखाली तुमच्या शब्दांत चार ओळींचे टिपण नाही, ती नोंद प्रबंधात वापरावयाची नाही. अलीकडे तर संगणकाला प्रश्न विचारून संदर्भ मागण्याची नवी चाल आली आहे. तो अतिशय सभ्य भाषेत, लेखक-वर्ष-पृष्ठांसह, कधीच न लिहिले गेलेले निबंधही सांगतो. असा संदर्भ तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे त्याचा क्रमांक झोटेरोत टंकून पाहणे. नोंद आली नाही, किंवा भलतीच आली, की समजावे.

औषधनिर्मात्या बंधूंना या साऱ्याचा उपयोग विद्यार्थ्यांहून अधिक आहे, असे मला वाटू लागले आहे. आपल्या प्रत्येक उत्पादनाचा एक कप्पा करावा. त्यात प्रथम अनुसूचीतील ज्या ग्रंथाच्या ज्या आवृत्तीतून पाठ घेतला तिची नोंद, त्या पानाचे छायाचित्र, समान नावाचे इतर पाठ कुठे आहेत त्यांची टीप. अभयारिष्टाच्या कप्प्यात चरक आणि भैषज्यरत्नावली दोन्ही शेजारी दिसले असते तर माझ्या स्नेह्यांची लेबले वाचली असती. मोठ्या कंपन्यांकडे यासाठी माणसे असतात. आपल्याकडे मालक, चिकित्सक आणि कारकून एकच असतो.

आपल्या संघटनेकडे माझी मागणी एवढीच की सदस्यांसाठी झोटेरोत एक सामाईक संग्रह उघडावा. त्याला शुल्क नाही. त्यात बृहत्त्रयी, लघुत्रयी, भैषज्यरत्नावली आणि रसग्रंथ यांच्या आपण मान्य केलेल्या आवृत्त्यांच्या नोंदी एकदाच, काटेकोरपणे कराव्यात, आणि च. चि., सु. उ., शा. म. ही संक्षिप्त रूपे ठरवून या त्रैमासिकाच्या प्रत्येक अंकात छापावीत. कोणती आवृत्ती मान्य करावी यावर वाद होईल, होऊ द्यावा. चरकासाठी १९४१ ची निर्णयसागर आणि सुश्रुतासाठी डल्हणाच्या टीकेसह १९३८ ची, असे माझे मत मी नोंदवून ठेवतो. बंगाली परंपरेच्या पाठासाठी दुसरा स्तंभ ठेवावा, म्हणजे आजोबांची पोथी वापरणाऱ्यालाही आपला अध्याय सापडेल.

नोंदी करण्याचे काम मी सुरू केले आहे. पुनर्मुद्रणांत मूळ आवृत्तीची काही प्रस्तावनापृष्ठे गाळलेली दिसतात, त्यामुळे मूळ प्रती डोळ्यांखालून घालण्याची गरज आहे. अमरावती, अकोला, परतवाडा, अकोट वा आसपास ज्यांच्या घरी निर्णयसागरच्या या दोन्हींपैकी एकीचीही मूळ प्रत असेल त्यांनी संपादकांकडे कळवावे. प्रत देऊ नये. मी स्वतः येऊन मुखपृष्ठाची व प्रस्तावनेची छायाचित्रे घेईन.